एका कढईतले दोन रिपोर्ट

३ मार्च, सोमवार

नाही, अजिबात नाही! कागदांची अदलाबदल झालेली नाही. तीनदा सांगितलं त्याला. सुईवाली बाई रक्त घ्यायला घरी आली तेव्हा मी समोरच बसले होते. आधी माझी बाटली भरली, तिच्यावर माझं नाव. मग त्याची भरली, तिच्यावर त्याचं. तरी लेकाचं आपलं चालूच — "आई, हा तुझा रिपोर्ट माझा असणार. आणि माझा तुझा."

म्हटलं, वा रे शहाण्या! रक्त चांगलं निघालं की ते तुझं, आणि वाईट निघालं की म्हातारीचं?

सूनबाई हसली. तो नाही हसला.

काय झालं ते लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. सात महिने झाले, घरात पाव बंद, भात बंद, बटाटा बंद. साखरेचा डबा माळ्यावर. लो-कार्ब म्हणतात याला. मग खायचं काय? अंडी, मटण, चीज, कोबी, बदाम. आणि लोणी. इतकं लोणी की मी त्याला लोणीरावच म्हणते. चौदा किलो उतरलाय, हे मात्र खरं. पट्ट्याला नवी भोकं मीच पाडून दिली, खिळा तापवून. मीही त्याच्याबरोबर तेच खाते. दोन कढया कोण घासणार? माझेही गुडघे जरा हलके झाले, खोटं कशाला बोलू.

तर कढई एक, वाढणारा हात एक. कागद दोन. माझं एलडीएल — म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल — एकशे एकवीस. त्याचं दोनशे एक्केचाळीस.

मी सत्तरीची. तो पंचेचाळिशीचा. उलटं व्हायला हवं होतं की नाही?

४ मार्च, मंगळवार

आमचं चष्म्याचं दुकान. घराच्या खालीच. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो — "आता खालची ओळ. आता त्याच्या खालची." आणि स्वतःच्या कागदावर ठळक छापलेली ओळ दिसत नाही!

९ मार्च, रविवार

आज सकाळी मला शिकवायला बसला. एका हातात फोन, एका हातात कागद.

"हे बघ आई. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी. एकशे नव्वद होतं, ब्याऐंशी झालं. चांगलं कोलेस्टेरॉल अडतीस होतं, छप्पन झालं. साखर उतरली. पोट उतरलं. अजून काय पाहिजे?"

"आणि ती मधली ओळ?"

"ती सोड. वजन उतरत असताना वर जाते ती. मग येते खाली."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात."

हे सगळे त्या फोनमध्ये राहतात. घरी कधी कुणी आलं नाही.

म्हटलं, गणितात नापास झाला होतास तेव्हाही तू मला चित्रकलेचेच मार्क दाखवत होतास! सूनबाईला ठसका लागला. तोसुद्धा हसला. मला बरं वाटलं, वाटलं आता ऐकेल. तर कागदाची घडी घालत म्हणाला, "आणि बाबांचं काय? बाबांचा रिपोर्ट नॉर्मल होता ना? एकदम स्वच्छ. तरी सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. मग या आकड्यांत आहे काय, सांग ना."

मी भांडी घासायला उठले. भांडी घासलेली होती. परत घासली.

१२ मार्च, बुधवार

डॉक्टरीणबाईंकडे तिघं गेलो. बाई वयाने लहान, पण बोलतात मोजकं. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि पेन्सिलने खुणा केल्या.

म्हणाल्या, "हे खाणं सगळंच वाईट आहे असं मी म्हणत नाही. साखर, वजन, ट्रायग्लिसराइड, सगळं सुधारलंय. पण काही माणसांचं एलडीएल इतकं लोणी-मटण खाल्लं की उसळी मारतं. आणि काहींचं मुळातच चढं असतं, आईबापांकडून आलेलं. तुमचं आधीही एकशे बहात्तर होतं, विसरू नका. बाकीचे आकडे चांगले म्हणून याला माफी नाही. जितकी वर्षं चढं राहील, तितका रक्तवाहिन्यांना आतून थर बसत जातो. दुखत नाही, खुपत नाही."

"मग?" सूनबाईने विचारलं.

"माझं विचाराल तर गोळी. आजपासून."

तो लगेच खुर्चीत ताठ! गोळी नको. गोळीने स्नायू दुखतात. गोळी एकदा धरली की सुटत नाही. फोनमधल्या सगळ्यांनी सांगितलंय. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "घरात कुणाला लवकर हार्टचा त्रास?"

"वडील. सेहेचाळिसाव्या वर्षी. पण त्यांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं. कारखान्यात तपासलं होतं, जायच्या आधीच्या वर्षी."

बाईंचं पेन थांबलं. माझ्याकडे बघितलं. "आई, खरंच नॉर्मल होतं? आठवतंय?"

आणि मी म्हणाले, "मला काय कळतंय हो त्यातलं! चौथी शिकलेली बाई मी. मला आकडे कळतात ते कढईत किती अंडी फोडायची तेवढेच."

सगळे हसले. बाईंनी लिहिलं. समोरून उलटं दिसत असूनही मला वाचता आलं — वडील, कोलेस्टेरॉल नॉर्मल.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "सहा आठवडे लोणी बंद. तेल, मासे, बदाम, पालेभाजी. मग पुन्हा तपासू. वडिलांचं चढं असतं ना, तर मी तुम्हाला सहा दिवससुद्धा दिले नसते."

मी मूग गिळून गप्प बसले. मूग चालत नाहीत म्हणे या पथ्यात!

काय ही जीभ. असल्या वेळीही थट्टा सुचते.

१३ मार्च, गुरुवार

लोणी बंद. लोणीरावांचं आता नाव काय ठेवावं? काही सुचेना.

२० मार्च, गुरुवार

सूनबाई कोबी चिरत होती. चिरता चिरता थांबली. "आई, तुम्ही सांगा ना यांना. गोळी घ्या म्हणावं. तुमचं ऐकतील."

"माझं? त्याने माझं शेवटचं ऐकलं ते अंगावरचं दूध तोडलं तेव्हा. तेही रडत."

ती हसली नाही. "मी बोलले की म्हणतात, तुला डॉक्टर व्हायचंय का. बाबांचं काय झालं ते बघ म्हणतात. मी काय बोलणार त्यावर? मी तर त्यांना पाहिलंही नाही." आणि कोबीवरच रडायला लागली.

मी म्हटलं, अगं मीठ मी टाकलंय भाजीत, तू नको टाकूस. तेव्हा हसली एकदाची. नाक पुसलं. पुन्हा चिरायला लागली.

हसवलं तिला. मला तेवढंच येतं.

२ एप्रिल, बुधवार

दुपारी डबा घेऊन खाली दुकानात गेले. एक रिटायर्ड पोस्टमास्तर चष्म्याची दांडी बदलायला आले होते. बोलता बोलता निघालं — तुम्ही बारीक झालात, तब्येत बरी ना? झालं! लेकाने सगळी कथा सांगितली, आकड्यांसकट. मग शेवटी बाबांची गोष्ट. ती तो सगळ्यांना सांगतो. मी दारात उभी, हातात डबा.

"आमचे बाबा काचेच्या कारखान्यात होते हो, भट्टीवर. एकदा सगळ्या कामगारांची तपासणी झाली, घरी पाकीट आलं. बाबा कामावरून आले, बूट पण काढले नव्हते. म्हणाले, काय गं, काय आला माझा रिझल्ट? तर आमची आई म्हणाली — पास! पहिला नंबर! बाबांनी मला उचलून खांद्यावर घेतलं, आठ वर्षांचा होतो मी, आणि अंगणात नाचले. जोडे घालूनच! मग जेवायला बसले आणि म्हणाले, पहिला नंबर आलाय, वाढ अजून!"

पोस्टमास्तर म्हणाले, "वा! आणि तरी गेले?"

"अकरा महिन्यांनी. म्हणून म्हणतो, कागदावर काय जायचं."

मग मला बघितलं. "ही बघा, हीच आमची आई. काय आई, असंच म्हणालीस ना?"

"डबा गार होतोय," मी म्हटलं.

३ एप्रिल, गुरुवार

काही लिहावंसं वाटत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या. मी वर भाजी निवडत होते, दार उघडं होतं. जेवायला वर येत होता. नवव्या पायरीवर थांबला. कठडा धरला. तोंडाने श्वास घेत होता. मी पाहतेय हे त्याने पाहिलं आणि खाली वाकला.

"काय रे?"

"काही नाही. बुटाची नाडी सुटली."

वर आला. ताट वाढलं. जेवला. मासा चांगला झालाय म्हणाला.

त्याच्या पायात चप्पल होती.

१६ एप्रिल, बुधवार

आज दोनदा थांबला. दुसऱ्यांदा डावा खांदा चोळत होता. दुकानातली शिडी उचलली म्हणे, म्हणून.

हेसुद्धा खांदाच चोळायचे. मी म्हणायचे, काचा फुंकताय की डोंगर ढकलताय?

२४ एप्रिल, गुरुवार

दुसरा रिपोर्ट आला. सकाळीच फोनवर. दोनशे चार!

त्याचा आनंद काय वर्णावा! दुकानातून ओरडत वर. अर्ध्या जिन्यात आवाज बंद झाला, मग थोड्या वेळाने दारात. घामाघूम. "आई, बघ! दोनशे एक्केचाळीसचं दोनशे चार! लोणी नुसतं सोडलं तर सदतीस उतरलं! अजून सहा महिन्यांत शंभरावर आणतो."

सूनबाई म्हणाली, "पण सहा आठवडे एवढं पाळून अजून दोनशेच्या वरच आहे ना?"

"उतरतंय ना! दिशा बघ." तिथल्या तिथे दवाखान्यात फोन लावला. सोमवारची वेळ घेतलेली होती, ती रद्द केली. म्हणाला, पुन्हा तपासलं की येऊ, ऑक्टोबरात.

मी म्हटलं, "तू जिन्यात थांबतोस. मी बघते. खांदा चोळतोस."

"आई, थट्टा पुरे."

"थट्टा नाही करत."

"तुझं कळतच नाही कधी." पाठीवर हात ठेवला माझ्या, समजूत काढल्यासारखा. "आणि कशाला घाबरतेस? आकडा चांगला होता तरी बाबा गेले, आकडा वाईट आहे तरी मी जगेन. हिशोब फिटला!"

आणि हसला. हुबेहूब त्यांच्यासारखा. डोकं मागे टाकून.

माझं हे असं झालंय. आयुष्यभर लांडगा आला रे आला केलं. आता खरंच आला तर कोण वळून बघणार.

२५ एप्रिल, शुक्रवार

सूनबाईला जिन्याचं सांगितलं. ती त्याच्याशी भांडली. तो तिच्याशी भांडला. दोघं जेवले नाहीत. मी एकटी कढईसमोर.

पुढच्या महिन्यात त्याला सेहेचाळीस लागेल.

२६ एप्रिल, शनिवार

शिवणाच्या मशीनचा खण उघडला. परत बंद केला.

मग दिवसभर उशांना अभ्रे शिवले. तीन उशा आहेत घरात. सात अभ्रे झाले.

२७ एप्रिल, रविवार

यांचा रिपोर्ट नॉर्मल नव्हता.

कोलेस्टेरॉल तीनशे अठरा. खाली लाल शाईत — ताबडतोब भेटा. मी पाकीट फोडलं होतं, वाचलं होतं. ते दारात आले आणि माझ्या तोंडून थट्टा निघून गेली — पास! जेवू दे, मग सांगू म्हटलं. ते पोराला घेऊन नाचले. मग उद्या सांगू. मग परवा. असे अकरा महिने.

कागद सदतीस वर्षं खणात, दोऱ्याच्या रिळांखाली. आता त्याच्या ताटाशेजारी ठेवलाय. त्याने दुकान बंद केलंय, पावलं ऐकू येतात. सात. आठ. नऊ. थांबला.

मी चौथी शिकले होते. मला वाचता येत होतं.