मथळ्यातली कोटी

४ जून
ह्यांच्या ऑफिसातली मंडळी जेवायला आली होती. कालच्या मथळ्यावर सगळे पोट धरून हसले – मथळा ह्यांचाच! मीही हसले. कळलं काहीच नव्हतं. नवरा इंग्रजी पेपरात मथळे देतो आणि बायकोला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पुरे झालं! शिकणारच.

७ जून
चपलांचा कारखाना बंद पडला. मथळ्यात 'सोल'. हे म्हणाले, "सोल म्हणजे चपलेचा तळ. आणि सोल म्हणजे आत्माही. स्पेलिंग वेगळं, कानाला एकच." म्हणजे कारखान्याचा आत्माच गेला! हसू नाही आलं. काटा आला अंगावर.

१९ जून
आज माझं मला कळलं! बेकरीत माणसं हवीत, दारावर जाहिरात – 'वी नीड यू'. नीड म्हणजे गरज. पण स्पेलिंगच्या आधी 'के' कशाला? कामावर, ड्रायक्लीनिंगच्या काउंटरवर पोचल्या पोचल्या डिक्शनरी काढली – कणीक मळणं! गिऱ्हाईक पँटसाठी ताटकळलेलं, आणि मी एकटीच खिदळतेय.

२ जुलै
आठवडाभर मथळ्यांत एकही कोटी नाही. की मलाच दिसत नाही?

९ जुलै
पालिकेच्या लिफ्टा बंद पडल्या. केवढा आयता विषय! 'अप'ही नाही, 'डाउन'ही नाही – भाजी चिरता चिरता मलासुद्धा सुचलं. मथळा काय? 'लिफ्ट्स नॉट वर्किंग'. बस!
"अहो, हल्ली मथळे दुसरं कोणी देतं का?"
"मीच देतो. दोन अक्षरं आली तर माझी परीक्षा घेतेस?"
असं कधी बोलत नाहीत. दार आपटून गेले. दिवसभर कामात लक्ष नाही – एकाचा कोट दुसऱ्याला दिला. ह्यांची नोकरी गेली असेल? दुसरी कोणी? नको नको ते मनात येतं.

११ जुलै
राहवेना. ऑफिसात फोन केला. संपादक म्हणाले, "आहेत की जागेवर. जरा थकल्यासारखे वाटतात, वहिनी." जागेवर आहेत. मग झालंय काय?

१२ जुलै
ह्यांनी आज पेपर उघडला नाही. मीही नाही.

१४ जुलै
सकाळी एक मोजा चढवून थांबले. "शब्द सापडत नाहीत गं. जिभेवर येतो नि विरून जातो. इंग्रजीच असं नाही... परवा तुझं नाव आठवेना. क्षणभरच."
डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली. दुसरा मोजा मी चढवला.