श्रावण संपायच्या आत

३ ऑगस्ट, रविवार
सागर येऊन गेला. सुहासच्या दोस्तांपैकी हा एकटाच अजून घरी येतो, बाकीच्यांना आमच्यासमोर काय बोलावं कळत नाही. १७ तारखेला पोरं कोयनानगरच्या पुढच्या धबधब्याला निघालीत, दर श्रावणासारखी. म्हणाला, "नाना, तुमी आन् काकू चला की."
गेल्या श्रावणात सुहासने तिथला व्हिडिओ दाखवला तेव्हा सौ. म्हणाली होती, मलाही ने की एकदा. तो म्हणाला, पुढच्या श्रावणात नक्की. फेब्रुवारीत साध्या तापाने आमचं पोरगं गेलं. पुण्याहून ॲम्ब्युलन्स आली ती...
असो. तेव्हापासून सौ. गोडाला शिवत नाही. घरचा चहासुद्धा बिनसाखरेचा. मागे डॉक्टरने माझी साखर बंद सांगितली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. आता मुकाट पितो.

५ ऑगस्ट
ठरवलं, जायचं. श्रावण संपायच्या आत.
पलूस, कराड, पाटण, कोयनानगर. सागरची जीप. पहाटे निघणे. भाकरी, सुकं पिठलं. जंगलात जळवा असतात, तंबाखू आणि मीठ घेणे. सौ.ला बूट हवेत, चपलेवर ती वाट व्हायची नाही. कराडला बघणे.
फौजेतल्यासारखी मूव्हमेंट ऑर्डर तयार. पलटणीला अजून पत्ता नाही.

६ ऑगस्ट
विचारलं. भाकरी थापत होती. "पाणी बघाया एवढ्या लांब कशाला? कृष्णामाई आपणहून दारात येती की." मग तव्याकडे बघतच, "आन् माझा दुखवटा कुठं निघालाय अजून?"
खरं आहे. माहेरच्यांनी यायचं, भावाने साडी द्यायची, गोड घास भरवायचा आणि हात धरून उंबऱ्याबाहेर काढायचं. मगच बाईने हौसेमौजेला बाहेर पडायचं. तेराव्यानंतर तिचा थोरला भाऊ आबा म्हसवडहून आला होता. हिने ताट बाजूला सारलं. तो तसाच परत गेला. त्यानंतर ही मळा सोडून कुठे गेलेली नाही. शेजारच्या बारशालासुद्धा नाही.

७ ऑगस्ट
आबाला फोन केला. म्हटलं, एवढ्या लांबून यायचा त्रास घेऊ नका, मीच तिला सतरा तारखेला बाहेर काढतो.
तो म्हणाला, "दाजी, बहीण माझी हाय. तिला बाहेर काढायचा मान माझा. तुमच्या घरात आमचं कायबी उरलं न्हाई व्हय?" ठेवला फोन.
हात दाखवून अवलक्षण. वीस वर्षं फौजेत काढली की माणसाला वाटतं हुकूम सुटला म्हणजे काम झालं. सुहास त्याचाही भाचा होता. खांद्यावर बसवून सिद्धनाथाच्या जत्रेत फिरवलेला. मी सगळं दुःख माझ्याच नावावर करून बसलो होतो.

९ ऑगस्ट
राखीपौर्णिमा. यंदा आम्हाला सण नाही. तरी ती दुपारभर फोनकडे बघत होती. आबाचा आला नाही. माझ्यामुळे. सांगायचं धाडस झालं नाही.

१० ऑगस्ट
म्हसवडला जाऊन आलो. विट्याच्या पुढे हळूहळू ऊस संपतो, मग नुसती खुरटी बाजरी आणि ढगांची सावली. आबा रानातच होता. बांधावर उभ्या उभ्या माफी मागितली. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच मागितली असेल.
बराच वेळ पायाने ढेकूळ फोडत राहिला. शेवटी म्हणाला, "पुन्यांदा ताट सारलं तर?"
म्हटलं, तर पुन्हा यायचं.
येतो म्हणाला. वहिनींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

१३ ऑगस्ट
बूट आणले. सौ.ने घालून बघितले नाहीत. पण संध्याकाळी बघतो तर खोक्यातून काढून दाराशी ठेवलेले. लय झालं.

१६ ऑगस्ट
आबा आला. मोतिया रंगाची साडी आणि वहिनींनी केलेला शिऱ्याचा डबा. साडी तिने नेसली. भावाचं मन राखलं म्हणायचं. मग आबाने घास उचलून तोंडाशी नेला तर ओठ घट्ट मिटले. त्याचा हात तसाच. तूप मनगटावर ओघळलं.
"दादा, ह्यो घास खाल्ला की समदं संपलं. मग माझा सुहास खराच गेला."
मला वाटलं आबा चिडणार. त्याने घास डब्यात ठेवला, झाकण लावलं. म्हणाला, "नगं खाऊ. भाईर तरी ये माझ्यासंगं." हात धरून अंगणात नेलं. ती गेली.
मी न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. तेराव्याला चार माणसांच्या आग्रहाने मी गोड खाल्लं होतं. ती म्हणते ते खरं असेल तर मी त्याला तेव्हाच सोडलं.

१७ ऑगस्ट, संध्याकाळ
गेलो. आबाही आला, डबा घेऊन. पोरं पुढच्या गाडीत होती. एरवी दंगा करणारी, आज आवाज नाही. पाटणच्या पुढे धुकं. वाट निसरडी, सौ. भावाचा हात धरून चढली. तिच्या घोट्याला जळू चिकटली, आबाने तंबाखू चोळून काढली.
धबधब्यासमोर आबा तोंड उघडं टाकून उभा. टँकरच्या पाण्यावर वाढलेला माणूस. म्हणाला, "एवढं पानी नुसतंच पडतंय व्हय?"
सौ. हसली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. हसता हसता रडायला लागली. मग एकटीच पुढे गेली, तुषार अंगावर येतात तिथपर्यंत. ओठ हलत होते, त्या आवाजात आम्हाला काही ऐकू येईना. सागर तिला आणायला निघाला, मी त्याचा दंड धरला. आईलेकाचं बोलणं चाललं होतं, मध्ये कोण जाणार?
नवी साडी चिंब करून परत आली. आबाने डबा वर नेला तसाच खाली आणला.

१८ ऑगस्ट, सकाळ
आबा पहिल्या एसटीने गेला. डबा इथेच ठेवून गेला. तिनेही घेऊन जा म्हटलं नाही.
बूट धुऊन पायरीवर उलटे ठेवलेत.
मघाशी आत झाकणं वाजली. चहापत्तीचा आणि साखरेचा डबा जोडीचे आहेत, दोन्ही सारखेच वाजतात; साखरेचा उघडला की नाही कळलं नाही. कप माझ्यासमोर ठेवून ती मळ्याकडे गेली. मागे वळून बघितलं नाही.
वाफ निघतेय. मी हे लिहीत बसलोय. कप अजून उचललेला नाही.