लाइट गेली

ता. २ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. आमची भिंगरी सहा वर्षांची घोडी झाली, पण फोन वाजला की कान टवकारून मला येऊन चिकटते. हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी परवा स्पष्टच सांगितलं. भिंगरीच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. चष्म्याने भागणार नाही, ऑपरेशनचाही उपयोग नाही. दिसणं कमी कमी होत जाईल आणि मग थांबेल. कधी, ते त्यांनाही सांगता येत नाही. मी विचारलं, मग आम्ही करायचं काय? म्हणाल्या, दिसतंय तोवर भरपूर दाखवा, पाहिलेलं पुढे आठवणीत राहतं. अशा मुलांना खालून उजेड असला की वस्तू नीट कळतात, म्हणून उजेडाचं टेबल आणा. आम्ही दुकानात गेलो. किंमत ऐकून हे टेबलाला हातही न लावता बाहेर आले.

तू दुकानांच्या उजेडाच्या पाट्या बनवतोस. घरच्या घरी, स्वस्तात असं काही जमेल का? लहानपणी तू दुरुस्त करायला घेतलेला रेडिओ जन्माचा मुका झाला, हे मी विसरलेले नाही. तरी तुझ्याशिवाय विचारू कोणाला?

भिंगरीला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. एवढ्याशा जिवाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

वेळेवर जेवत जा, आणि ताईवरचा जीव आहे तसाच राहू दे.

तुझी ताई

*

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. नमस्कार.

वि. वि. तुझं पत्र वाचल्यापासून कामात लक्ष नाही. काल चपलांच्या दुकानाच्या पाटीवर अक्षरं उलटी चिकटवली आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या. रेडिओचं म्हणशील तर तो आधीच शेवटच्या घटका मोजत होता, मी फक्त निमित्त झालो.

टेबल अगदी सोपं आहे. कपडे ठेवायचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घे, रुंद आणि सपाट झाकणाचा. आतून तळाला आणि बाजूंना ॲल्युमिनियम फॉइल लाव, चकचकीत बाजू वर. झाकणाला आतून बटर पेपर चिकटव. तो नसला तर एकेक दिवा डोळ्यांत टोचतो, आपल्याला उजेड सायीसारखा पसरलेला हवा. सोबत एलईडीची पट्टी पाठवतोय. पाटीतून उरलेला तुकडा आहे, मालकाला विचारूनच घेतलाय. ती तळाला नागमोडी चिकटव. कापलेल्या टोकांना मी टेप लावलाय, तो उगाच सोलत बसू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे. वायर बाहेर काढायला कोपऱ्यात भोक पाड.

वायरीच्या मध्ये काळी डबी आहे, ती बाहेरच राहू दे, कारण ती तापते. भिंगरीला मामाचा नियम म्हणून शिकव: खेळ संपला की काळ्या डबीला हात लावायचा. कोमट लागली तर दिवा चालू राहिलाय, आईला हाक मारायची.

तिला सांगायचं की नाही, ते तू मोठी आहेस, तू ठरव. मला विचारशील तर पोरांना आपल्याआधी कळतं.

भाऊजींना नमस्कार, भिंगरीला पापा. राग आला तरी पत्र लिहीत राहा.

तुझा धाकटा

*

ता. २७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

या वेळी तुझं यंत्र मुकं झालं नाही, अभिनंदन! डबा सजला. माझ्या शिवणाच्या डब्यातली सगळी पारदर्शक बटणं भिंगरीने पळवली आहेत आणि एका गिऱ्हाइणीचा ब्लाउज त्यापायी अडकून पडलाय. तिचे बाबा डेपोतून येताना रंगीत जिलेटीन कागद घेऊन आले. लालवर निळा ठेवला आणि जांभळा झाला, तर केवढ्याने ओरडली! शेजारीण धावत आली. एक वाळकं पान ठेवलं, त्याच्या शिरान् शिरा दिसल्या. मग स्वतःचा हात ठेवून कितीतरी वेळ बघत बसली.

मामाचा नियम तर अंगात इतका भिनलाय की मिक्सर, मशीन, टीव्ही, सगळ्याला हात लावून बघते. काल इस्त्रीकडे निघाली होती, धपाटा खाल्ला.

पिवळा आणि पांढरा तिला एकच वाटतात. मी हे कोणाला बोलले नाही, तुलाच लिहिते. पोरांना आधी कळतं म्हणालास, त्याचा मला राग आला होता. आता गेला.

अशीच माया ठेव.

तुझी ताई

*

ता. १७ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

मध्यंतरी पत्र नाही, कारण लिहिण्यासारखं काही चांगलं नव्हतं. निळा गेला, मग हिरवा. मी बटणं मोठी आणली, मग डब्यांची झाकणं, मग नुसते कागद. लाल तेवढा टिकून होता. रोज सकाळी तिच्यापुढे लाल झाकण ठेवायचं आणि जीव मुठीत धरून बसायचं, असं माझं चाललं होतं.

परवा दुपारी टेबल लावून दिलं. ती झाकणं चाचपत बसली आणि म्हणाली, आई, लाइट गेली का? टेबल लख्ख पेटलेलं होतं रे. तिच्या हनुवटीवर उजेड पडला होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, हो गं, लाइट गेली. मग डोक्यावर पंखा फिरतोय हे लक्षात आलं. मी चोरासारखी उठले आणि त्याचं बटण बंद केलं. टेबलाचं बटण बंद करायचं सुचलंच नाही. एवढ्या उकाड्यात आम्ही दोघी घामाघूम होऊन लाइट यायची वाट बघत बसलो. तिने कधी येणार विचारलं नाही. काल तेच, आज तेच. लाइट गेली की येते, एवढंच तिला माहीत आहे. यापुढे मी काय सांगू?

माझं एक काम कर. तिला वाचून दाखवता येईल असं पत्र पाठव. पट्टी जळली आहे, नवी मिळायला वेळ लागेल, असं लिही. तेवढीच सवड मिळेल. नाही म्हणू नकोस.

तुझी ताई

*

ता. २० जून

मेहुण्यांस स. न. वि. वि.

मला पत्रं लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. आज डेपोतून लवकर आलो, ही गिऱ्हाइणीकडे माप घ्यायला गेली होती. भिंगरीने मला बसवलं आणि मामाला लिहा म्हणाली. ती बोलली तसं लिहितो.

मामा, लाइट गेली नव्हती. मी तुझ्या नियमाने काळ्या डबीला हात लावला, ती कोमट होती. दुसऱ्या दिवशी पण कोमट होती. आईला सांगू नको. तिला वाटतं मला माहीत नाही. ती पंखा बंद करते आणि आम्हाला दोघींना खूप उकडतं. लाल कसा असतो ते माझ्या लक्षात आहे. तू काळजी करू नको.

एवढं सांगून ती खेळायला गेली. तुम्हीच काय ते करा.

आपला,
भिंगरीचा बाबा

*

ता. २४ जून

ती. ताईस सा. नमस्कार.

तुला हवं होतं ते पत्र मी लिहिलं नाही. भाऊजींचं पत्र सोबत पाठवतोय. भिंगरीने तुला सांगू नको म्हटलं होतं, तिचा शब्द मी मोडतोय. शनिवारी येतो आणि तिची माफी मागतो.

पत्र वाचून रडायचं तेवढं रडून घे. मग तिच्याजवळ जाऊन बस. काय सांगू, कसं सांगू, याचा घोर आता नको. तिने ते एकटीने ओळखलं आणि तुझ्यासाठी पोटात ठेवलं, आता ते तिच्याकडून काढून घे.

आणि ताई, आधी पंखा लाव.

तुझा धाकटा