माझ्यासाठी पुढे गेलेली होळी

नंदुरबार
१२ फेब्रुवारी

प्रिय ईश्वरदादा,

हे पत्र रायसिंगच्या हाती देते आहे. तो माणसं आणायला जीप घेऊन बारडोलीकडे निघालाय, तुमच्या पडावावर थांबेल. फोन केला असता, पण तुझा फोन म्हणजे अख्ख्या पडावाचा फोन. तू स्पीकर लावतोस आणि ऊसतोडीला आलेली सगळी मंडळी माझी खुशाली ऐकत बसतात. हे तू एकट्याने वाच. वहिनीला सांगायचं की नाही, ते नंतर तूच ठरव.

आधी चांगली बातमी. मागच्या शनिवारी आश्रमशाळेत जाऊन पवनला भेटून आले. लेकरू आता पाय अजिबात ओढत नाही. मी फाटकाशी उभी होते आणि तो चेंडूमागे असा पळत होता, की आत्या आलीय हे त्याला दोनदा ओरडून सांगावं लागलं. तू त्याच्यासाठी होळीत बावा होण्याचा नवस बोललास, त्या नवसाचं यंदा शेवटचं वर्ष. अंगावर राख, डोक्याला मोरपिसं, कमरेला भोपळे, आणि ते भोपळे दर वर्षी मीच बांधते. तू गुदगुल्या होतात म्हणून हलतोस आणि मी तुला रागावते. हे सगळं मी मुद्दाम आधी लिहितेय, कारण पुढचं लिहायला धीर होत नाही.

दादा, मी फिरायला चालले आहे. एकटीच. पोर्तुगाल नावाच्या देशात पोर्तो म्हणून समुद्रकाठचं शहर आहे, तिथे. बँकेच्या कामाला नाही, ट्रेनिंगला नाही, कोणाच्या लग्नालाही नाही. नुसतीच. व्हिसा झाला, तिकीट झालं, डोंगरउतारावरच्या एका घरात खिडकीची छोटी खोलीही ठरली. तिथे तेव्हा वसंत नुकता लागलेला असतो आणि मधूनच पाऊस येतो म्हणतात, म्हणून रेनकोट घेतला. आमच्या बँकेतल्या लोटनभाऊंनी पासपोर्टच्या झेरॉक्स काढून दिल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "म्यॅडम, तठे तुमनं कोन शे?" मी म्हटलं, कोणी नाही. त्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले, जशी मी दवाखान्यात भरती व्हायला निघालेय. एकटीने राहायची सवय हवी म्हणून मी इथल्या स्टेशनजवळच्या हॉटेलात एकटीच जेवायलाही बसले. वाढणारा सारखा येऊन विचारत होता, बाकीचे कधी येणार. शेवटी मी शरमून सांगितलं, येताहेत, आणि घाईघाईने जेवून उठले.

का जायचं, हे तुला पटेल असं सांगता येईल की नाही, माहीत नाही. मी कोणाला नाही म्हणत नाही हे तुला ठाऊक आहे. पाड्यावरून फोन आला की जातीचा दाखला असो, कोणाचं बाळंतपण असो, अडकलेलं खातं असो, मी उठते. मला ते आवडतंही. पण आता झोपेतसुद्धा मी अर्धी उठलेली असते. गेल्या होळीला ढोल वाजत होते, तुम्ही सगळे नाचत होतात आणि मी रेवजीबाबांच्या ओट्यावर टॉर्चच्या उजेडात लोकांचे बँकेचे कागद बघत होते. सगळे कामावरून परत आलेले, सगळे एकदम भेटलेले, मग कागद तेव्हाच निघणार, त्यांची काय चूक? पण मला त्या दिवशी फार रडू आलं. तेव्हापासून मनात होतं, जिथे माझं नावही कोणाला माहीत नाही अशा जागी आठवडाभर राहावं. पोर्तोत नदीकाठाने एक जुनी ट्राम जाते, नदी समुद्राला मिळते तिथवर. आपण नर्मदेकाठची माणसं, पण ती समुद्राला कुठे मिळते ते कधी पाहिलं नाही. आपण पाहिलं ते तिचं चढत आलेलं आणि आपल्या शेतावर येऊन थांबलेलं पाणी.

होळी त्याच आठवड्यात येते हे लक्षातच आलं नाही, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. खोटं आहे ते. मला बरोबर माहीत होतं. वर्षभरात मला न विचारता मिळणारी रजा एकच, होळीची. साहेब दर वर्षीप्रमाणे हसत म्हणाले, "जा, नाचून या," आणि सही केली. मी मान हलवली. आईला फोन करून सांगितलं की यंदा बँकेत मार्चचं काम फार आहे, नऊ तारखेच्या आधी रजाच देत नाहीत. आई म्हणाली, बघू. मला वाटलं, दोन दिवस कुरकुरेल आणि सोडून देईल. आपली आई काही सोडून देणारी आहे का? हे मला कळायला हवं होतं.

आपल्याकडे पाड्याची होळी कधी पेटवायची ते जाणती माणसं बसून ठरवतात, हे आई विसरली नव्हती. ती तशीच उठून रेवजीबाबांकडे गेली. आपली धाकटी रिना तिच्याबरोबर होती, तिनेच मला सगळं सांगितलं. आई बैठकीत उभी राहून म्हणाली, माझ्या पोरीला बँकवाले सोडत नाहीत, तिने सगळ्यांची कामं केली, आता तिच्यासाठी पाड्याने एक काम करावं. आणि दादा, सगळे हो म्हणाले. चार मार्चची होळी दहावर गेली. रिना फोनवर आनंदाने ओरडत होती. मी इकडे कपाट उघडून रेनकोटाकडे बघत उभी होते. हिशेबाने पाहिलं तर माझं सगळंच जमत होतं, पोर्तोही आणि होळीही. एक क्षण मला बरंही वाटलं. तो क्षण आठवला की अजून कान तापतात.

आणि मग तुझा फोन आला. मुकादम तुला सहा तारखेपर्यंतच सोडतोय, दहाच्या होळीला तू नसणार, हे तू सहज सांगितलंस, जसं काही बस चुकली. म्हणालास, नवस एक वर्ष पुढे जाईल, देव काही पळून जात नाही, तुझ्याशिवाय होळी कसली. वर मलाच विचारलंस, काम फार पडतं का गं, जेवतेस ना वेळेवर. मागून कोणीतरी ओरडलं, ममताताईला सांगा, आमचीही होळी हुकली तरी चालेल. मी फोन ठेवला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

म्हणून हे लिहिते आहे. रविवारी मी पाड्यावर जाणार आहे. बैठक बोलवायला रेवजीबाबांना निरोप दिलाय. तिथे उभी राहून सांगणार आहे की मला रजा मिळाली होती, मी खोटं बोलले, होळी चार तारखेलाच पेटवा. आणि हेही सांगणार आहे की मी यंदा येणार नाही. हो दादा, मी जाणारच आहे. बैठकीत सांगून तिकीट रद्द केलं तर सगळे मला चांगलंच म्हणतील, पण पुढच्या होळीला मी पुन्हा काहीतरी खोटं शोधीन. आईचा चेहरा काय होईल ते मला माहीत आहे, आणि तरी मी जाणार आहे, याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. ही गोष्ट तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये. तुझं एकच मागणं मागते. रविवारी पाड्यावरून तुला फोन येतील, तेव्हा माझी बाजू घेऊ नकोस. लहानपणापासून तू ती न विचारता घेत आलास, या वेळी मला एकटीला बोलणी खाऊ दे. तू मात्र चार तारखेला नवस फेड. भोपळे रिनाकडून बांधून घे, तिला गाठ मी रविवारी शिकवून ठेवते. आणि ती बांधत असताना हलू नकोस, ती रागावणार नाही, नुसती रडेल.

तुझीच,
ममता