पाचवा चौकोन

२ जून, शनिवार
वेरेनाचा फोन. माझ्या नातवाचा, याकोबचा, बाप्तिस्मा १७ तारखेला, रविवारी सकाळी अकराला, ब्रूजच्या चर्चमध्ये. आमच्या फिलाखहून ब्रूज म्हणजे ऑस्ट्रियाच्या या टोकापासून सगळी जर्मनी ओलांडून पार बेल्जियमच्या समुद्रापर्यंत. वेरेना म्हणाली, "बाबा, लग्नाला आला नाहीस ते मी पोटात घातलं. या वेळी आला नाहीस तर पोटात जागा नाही." मुलगी आईवर गेली आहे.

लग्नाच्या वेळी चूक माझी नव्हती, तिकिटाची होती. ते एकाच गाडीला बांधलेलं होतं. म्युनिकला गाडी बदलताना, हीच ना ती, एवढं विचारायला मी खिडकीच्या रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा आतली बाई म्हणाली, हीच ती, बघा, चालली. माझी बायको हिल्डे गाडीत बसलेली होती. तिने हात हलवला.

निश्चय: यापुढे सुटं तिकीट नाही. पास.

४ जून, सोमवार
शेजारचा कोफ्लर चाळीस वर्षं तिकीटखिडकीमागे बसला, त्यामुळे आपल्याला रेल्वेतलं कळतं असा त्याचा समज आहे. कुंपणावरून ओरडला, "अरे ओटमार, शनिवारी सकाळी हिल्डेबरोबर बस, रात्री ब्रूजला जेव. एक तिकीट. संपलं! पास असतो पोराटोरांसाठी, ज्यांना कुठे जायचं तेच ठाऊक नसतं." मी विचारलं, गाडी चुकली तर? म्हणाला, "मग चुकवू नकोस." अशा माणसाला चाळीस वर्षं पगार दिला.

६ जून, बुधवार
पास आणला. युरोपभर चालणारा, ज्येष्ठांच्या सवलतीतला. हातात घेतल्यावर छाती भरून आली. माझ्या सातवीच्या सर्टिफिकेटपेक्षा कागद चांगला आहे.

त्यावर पाच रिकामे चौकोन. पंधरा दिवसांत कुठलेही पाच दिवस, त्या दिवशी कुठल्याही गाड्या. प्रवासाच्या दिवसाची तारीख गाडीत चढण्यापूर्वी चौकोनात लिहायची, शाईने. खाडाखोड केली की पास बाद. स्वतःच्या देशात मात्र एकदाच बाहेर पडायला आणि एकदाच परत यायला चालतो. नियमांची पुस्तिका दोनदा वाचली. काही पानं तीनदा.

हिल्डे म्हणाली, "जायला एक दिवस लागतो. परतीची आपली दोघांची तिकिटं मी मार्चमध्येच काढलीत, पंचवीस तारखेची. मग एका चौकोनासाठी पाच कशाला?"

मुद्दा तिच्याच तोंडून आला! एका दिवसात पोचलो तर चार चौकोन फुकट. म्हणून मार्ग बदलला. फिलाख, व्हेनिस, मिलान, बाझल, ब्रूज. १३ला निघायचं, चार दिवस, चार चौकोन, शनिवारी संध्याकाळी हजर. पाचवा आणीबाणीसाठी. हिल्डे वेरेनाला मदत करायला शनिवारी सुट्या तिकिटाने सरळ जाणार. सकाळी निघून रात्री पोचेल. बिचारीला इटली दिसणार नाही.

९ जून, शनिवार
स्टेशनवर रंगीत तालीम. भरलेली बॅग घेऊन एक नंबरवरून सहा नंबरवर किती वेळात जाता येतं ते मोजलं. चौदा मिनिटं. त्यातली सहा बॅग परत शोधण्यात गेली, कारण ती एक नंबरवरच राहिली होती. म्हणजे खरी वेळ आठ मिनिटं. समाधानकारक.

१० जून, रविवार
तारखा घरीच भरून टाकल्या. हलत्या गाडीपाशी, घाईत, कुणाचा धक्का लागला तर? त्यापेक्षा स्वयंपाकघरातलं टेबल, चष्मा, निळी शाई. १३, १४, १५, १६. सुरेख अक्षर आलं. कोफ्लरला दाखवलं. त्याने चारही तारखा बोटाने मोजल्या. मग म्हणाला, "ओटमार, आणि मधे एखादा दिवस गाडी नसली तर?" मी म्हणालो, युरोपात? तो हिल्डेशी बोलायला आत गेला.

हिल्डेच्या बहिणीने बाप्तिस्म्याची मेणबत्ती सजवून पाठवली. हातभर उंच, निळ्या मेणाच्या अक्षरांत ‘याकोब’. पण खाली तारीखच नाही! हिल्डे म्हणाली, मेणाचे आकडे वेगळे ठेवलेत, तिथे गेल्यावर चिकटवू. असला निष्काळजीपणा. मेणबत्ती मी नेणार हे ठणकावून सांगितलं. ज्याच्याकडे पास तोच खात्रीचा माणूस. हिल्डे लगेच हो म्हणाली. कधी नव्हे ते.

१३ जून, बुधवार, व्हेनिस
निघालो! पासाचा पहिला चौकोन चालू. ऑस्ट्रियातून एकदाच बाहेर पडता येतं, म्हणून सीमा येईपर्यंत जागचा हललो नाही, संडासालासुद्धा नाही. इटालियन टीसीने पास पाहिला, तारखा पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं आणि "ब्राव्हो" म्हणाला.

व्हेनिस पाहिलं. स्टेशनच्या पायऱ्यांवरून पाणी दिसतं. त्यापुढे गेलो नाही, बॅगेत मेणबत्ती आहे. पायरीवर बसून हिल्डेने दिलेला काळा ब्रेड आणि हॅम खाल्लं. आनंद!

१४ जून, गुरुवार, मिलान
इटलीतल्या जलद गाड्यांना पास असला तरी जागेचं वेगळं आरक्षण लागतं. पुस्तिकेत हे सतराव्या पानावर आहे. मी तीनदा वाचलेली पानं वेगळी होती. व्हेरोनाच्या आधी टीसीशी तत्त्वाचा वाद झाला. तो इटालियनमध्ये, मी जर्मनमध्ये, दोघांचाही मुद्दा बरोबर होता. व्हेरोनाला उतरलो.

पुढे पॅसेंजर गाड्या. त्यांना आरक्षण लागत नाही. त्यांना घाईही नसते. अडीच तासांचा रस्ता आठ तासांत केला, म्हणजे पासाचा तिपटीहून जास्त उपयोग झाला. जलद गाडीतल्या लोकांना हे कधी कळणार?

१५ जून, शुक्रवार, मिलान
इटलीत रेल्वेचा संप. एक दिवसाचा. सगळ्यांना आठवडाभर आधी माहीत होतं म्हणे. बाझलची गाडी नाही.

चौकोनात १५ लिहिलेलं आहे. शाईने. सुरेख अक्षरात. पास हातात, तारीख आजची, आणि दिवसभर एका बाकावर. शेजारची म्हातारी इटालियनमध्ये सारखी काहीतरी समजावत होती आणि तिने मला पीच दिलं. गोड होतं.

ऊन फार. बॅग काचेजवळ होती. मेणबत्ती थोडी नम्र झाली आहे.

१६ जून, शनिवार, बाझल
मिलानहून बाझल. आज खरं तर ब्रूजला असायचं. स्वित्झर्लंडात गाड्या इतक्या वेळेवर की मला तक्रारीला जागाच मिळेना, त्यामुळे मन लागलं नाही.

हिशेब सरळ आहे. उद्या पहिली गाडी पकडली तरी ब्रूजला दुपारी दीड. बाप्तिस्मा अकराला. म्हणजे तो चुकणारच. मग जो चुकणारच आहे त्यासाठी पाचवा चौकोन कशाला जाळायचा? तो आणीबाणीसाठी आहे.

वेरेनाला फोन करायची हिंमत गोळा करायला एक तास आणि दोन बिअर लागल्या. मी म्हणालो, वेरेना, मला माफ कर, मी बाझलला आहे. ती म्हणाली, "बाझल? अरे वा!" आणि मागे कुणीतरी हसलं. हिल्डेसारखं. मग वेरेना म्हणाली, "घाई करू नकोस बाबा. नीट जेव." तिचा राग इतका अनावर झाला की पोरगी गोड बोलायला लागली. लग्नाच्या वेळीसुद्धा इतकं बिघडलं नव्हतं.

१७ जून, रविवार, कोलोन
सुटी तिकिटं काढली. सर्वांत स्वस्त, सर्वांत हळू, ऱ्हाईनच्या काठाने. नाइलाज होता. पास खिशात शाबूत, पाचवा चौकोन कोरा करकरीत. माझा सुट्या तिकिटांना विरोध कायम आहे, हे इथे नमूद करतो.

सकाळी अकराला गाडी कुठल्याशा खेड्यात थांबली होती. चर्चच्या घंटा वाजत होत्या. टोपी काढून बसलो. समोरच्या बाईला वाटलं मी पैसे मागतोय.

१८ जून, सोमवार, ब्रूज
पोचलो. दुपारी चार.

दार हिल्डेनेच उघडलं. कमरेला एप्रन, हाताला पीठ. आत डोकावून ओरडली, "वेरेना, तू जिंकलीस! सोमवार!" मग मला म्हणाली, "कोफ्लर मंगळवार म्हणत होता."

बाप्तिस्मा १७ला नव्हताच. २४ला आहे. पहिल्यापासून २४लाच होता. माय-लेकींनी आणि त्या कोफ्लरने मिळून मला आठवडा आधीची तारीख सांगितली. मी बॅगेवर बसलो. वेरेनाने याकोबला माझ्या मांडीवर ठेवलं. त्याने माझं बोट धरलं. सात पौंडाच्या पावाएवढा असेल, आणि तसाच गरम. तीस वर्षं बेकरीच्या भट्टीपुढे उभा होतो, असा पाव काढला नाही.

वेरेना म्हणाली, "बाबा, रागावलास?" रागवायचं कशाला? पासाने निघालेला माणूस समारंभाच्या सहा दिवस आधी पोचला आहे. सुट्या तिकिटावर हे कुणाला जमलंय?

हिल्डेने वाकलेली मेणबत्ती कोमट पाण्यात धरून सरळ केली, खाली २ आणि ४ चिकटवले, आणि स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

२० जून, बुधवार
पासाची मुदत २७पर्यंत. पण २५ला आम्ही परत निघणार, हिल्डेच्या सुट्या तिकिटांवर. म्हणजे पाचवा चौकोन त्याआधी वापरायला हवा. आज घेंटला जाणार होतो. पण अर्ध्या तासाच्या घेंटसाठी आख्खा चौकोन? चांगल्या दिवसासाठी राखला.

२२ जून, शुक्रवार
ब्रुसेल्सला निघालो होतो. पाऊस. ओल्या दिवसासाठी चौकोन नाही. याकोबला खांद्यावर घेऊन त्याला पास दाखवला. त्याने तो तोंडात घालायचा प्रयत्न केला. वेळीच वाचवला.

२३ जून, शनिवार
सकाळपासून चारदा पास काढून पाहिला. एक चौकोन वाया जाणार. हिल्डे म्हणाली, "जाऊ दे रे. एक चौकोन राहिला म्हणून कोणी मरत नाही." तिने पुस्तिका वाचलेली नाही.

तिचा राइंडलिंग केक फुगायला ठेवलाय, दालचिनीचा वास घरभर. चर्चमध्ये मेणबत्ती धरून मी उभा राहायचं, असं वेरेनाने सगळ्यांसमोर सांगितलं. "आजोबांच्याच हातात," म्हणाली. मी खोकला आल्याचं निमित्त करून बाहेर गेलो.

बाहेर एक उत्तम कल्पना सुचली.

२४ जून, रविवार, पहाटे ५
झोपून राहीन या भीतीने रात्रभर जागा. योजना: ७.३०ची गाडी, ओस्टेंड. पाव तासाचा रस्ता. समुद्र पाहायचा. ८.४०ची परतीची. नऊला ब्रूज. नवा कोट अंगात घालूनच जातो. बाप्तिस्मा अकराला. दोन तास हातात! कुणाला उठवत नाही. चौकोनात २४ लिहिले. या वेळी नियमाप्रमाणे, आजची तारीख आजच.

सकाळी ८.१५, ओस्टेंड
समुद्र! चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा. खूप मोठा आहे आणि थांबत नाही. कोफ्लरने पाहिलेला नाही. सगळं मिनिटाबरहुकूम चाललंय. पास ही काय चीज आहे, आज कळलं.

८.४०
परतीच्या गाडीत. खिडकीजवळची जागा, मऊ. गाडी ब्रूजहून पुढे बरीच लांब जाते म्हणे, पण मला काय, पंधरा मिनिटं. डोळे मिटत नाही. फक्त डोकं टेकवतो.

दुपारी १२.०५, ऑयपेन
जागा झालो तेव्हा टीसी जर्मनमध्ये सांगत होता, शेवटचं स्टेशन, उतरा. मला वाटलं घरी पोचलो. बाहेर आलो तर डोंगर नाहीत. हे बेल्जियमचं दुसरं टोक. इथे जर्मन बोलतात. गाडी सगळा देश ओलांडून आली, ब्रूजला थांबली, घेंटला थांबली, ब्रुसेल्सला थांबली. टीसीने पास तपासायला मला उठवलं नाही. पास छातीवरच दिसत होता, आणि त्यावरची तारीख इतकी नीट लिहिलेली होती की उठवायची गरज वाटली नाही, म्हणाला.

१२.२०
वेरेनाने फोन उचलला. पाद्री अर्धा तास थांबले. मग कोणीतरी थांबता येत नाही म्हणालं. मेणबत्ती हिल्डेने धरली. याकोब रडला नाही. सगळं छान झालं, ती म्हणाली. मी म्हणालो, पुढची गाडी लगेच आहे, पास दिवसभर चालतो. ती एकदम ओरडली, "नाही! बाबा, कुठल्याही गाडीत बसू नकोस. तिथेच थांब. आम्ही कार घेऊन येतो. सगळे. याकोबला घेऊन. केक घेऊन."

मग हिल्डेने फोन घेतला. मला वाटलं आता ऐकावं लागणार. तिने एवढंच विचारलं, चौकोन भरला का?

भरला, म्हणालो. निळ्या शाईने. खाडाखोड नाही.