बिशपचं काम खानोलकरांना

१२ सप्टेंबर २०१५, शनिवार
वर्ग बंद. खलास. सकाळी मराठी मंडळाच्या हॉलवर गेले तर दाराला नवं कुलूप. सुनंदा, शबाना, रेखा, सगळ्या बाहेर उन्हात उभ्या. औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचता यावं, बँकेत नवऱ्याशिवाय बोलता यावं, एवढंच शिकवत होते. तेही फुकट.

अध्यक्षांना फोन केला. खानोलकर. इथे आखातातही आमचं नशीब असं की तेच माझ्या नवऱ्याचे, समीरचे साहेब. "विद्येला माझा विरोध नाही हो, मीनलताई. पण बाईच्या डोक्यात विद्या शिरली की ती पहिलं घर विसरते. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय." वर माझा व्हिसा फॅमिलीचा, त्यावर काम चालत नाही, उद्या कोणी तक्रार केली तर? तक्रार कोण करणार ते आवाजावरून कळलं.



१३ सप्टें.
खा.ने आज स.ला केबिनमध्ये बोलावलं. "बायकोला जरा आवर." स.ने मान डोलावली म्हणे. मला सांगताना चहाच्या कपात बघत होता. काय बोलू त्याला? सोहारच्या स्टील कारखान्याची ऑफर हातात आहे, माबेलातल्या घरापासून ऑफिसपर्यंतची रोजची रखडपट्टी सुटेल. पण खा.ने एनओसी दिली नाही तर दोन वर्षं या देशात दुसरी नोकरी नाही. मान डोलावेल नाहीतर काय करेल बिचारा.

मी नाही डोलावणार. मला त्या माणसाचा अपमान पाहिजे. चारचौघांत. हॉल भरलेला असताना.

१८ सप्टें., शुक्र
दिवाळी संमेलनाचं नाटक यंदा मी लिहिते, असं कमिटीला कळवलं. विषय कॉलेजपासून डोक्यात आहे. मेक्सिकोतली ती नन, तिथे स्पेनचं राज्य होतं तेव्हाची. कविता करायची. लहानपणी ठरवलेल्या वेळात धडा आला नाही तर स्वतःचे केस कापायची, रिकाम्या डोक्यावर शोभा कशाला म्हणून. मोठेपणी बिशप म्हणाला, पुस्तकं पुरे. तिने त्याला असं उत्तर लिहिलं की बस. बायकांनी का शिकू नये ते सांगा म्हणाली. शेवटी पुस्तकं गेलीच, पण उत्तर राहिलं.

२ ऑक्टो.
बिशपची वाक्यं सापडत नव्हती. मग टेलिफोन आठवला. "विद्येला माझा विरोध नाही…" जसंच्या तसं उतरवलं. "भल्यासाठी" सुद्धा. लिहिताना एकटीच हसले. पहिल्या रांगेत बसून ऐकेल तेव्हा तोंड कुठे लपवेल?

९ ऑक्टो.
कमिटीत नाटक कोणी वाचलंच नाही! आमच्या मंडळात अध्यक्षांना भूमिका द्यायचीच, तसा रिवाजच आहे. गेल्या वर्षी राजा, त्याआधी न्यायाधीश. खा.ने पानं चाळली. "बिशप म्हणजे मोठाच माणूस ना? मग तो मी." समोसा घशात अडकला माझ्या. ननचं काम मी करणार, हेही मग ठरलं.

२३ ऑक्टो.
तालीम. खा. झकास बोलतो, आवाज आहे मेल्याला. स्वतःचीच वाक्यं, एक अक्षर ओळखलं नाही! सुनंदाला फोनवरचं सगळं सांगितलं होतं; पाणी प्यायला म्हणून बाहेर पळाली, ती हसू आवरेपर्यंत आलीच नाही.

नंतर खा. मला बाजूला घेऊन: "छान लिहिलंय. या बिशपचं मला पटतं हो."

पटतं! म्हणजे टाळ्या त्यालाच मिळणार. मीच त्याला स्टेज बांधून दिलं. घरी येऊन भांडी आपटली. 

३० ऑक्टो.
बिशपचा झगा शिवायला खानोलकर वहिनींकडे, कुरुमला. मोठा व्हिला, पुस्तकाचं एक पान दिसायचं नाही. वहिनी मशीनवर. टीप मारता मारता, वर न बघता म्हणाल्या, "ती वाक्यं कुठली ते मला कळलंय, मीनल. काढू नकोस."

मग हळूहळू बोलल्या. गणितात एम.ए. पुढे पीएचडीला नाव घातलेलं. बाळंतपणाला माहेरी गेल्या, परत आल्या तर पुस्तकांचं कपाट रिकामं. यांनी सगळं रद्दीवाल्याला दिलेलं. "मी विचारलं, तर म्हणाले, आता तरी घरात हवा खेळेल." दोरा दाताने तोडला. "हे कोणालाच माहीत नाही. त्यांना आणि मला. हेही घाल."

हवेचं वाक्य तालमीत घालता येणार नाही, लगेच ओळखेल. प्रयोगातच, शेवटच्या प्रवेशात मी बोलायचं. बिशपच्या तोंडावर. हे वाक्य तो ओळखणारच.

परतताना गाडीत इतका आनंद झाला की स्वतःचीच भीती वाटली.

६ नोव्हें.
स. उड्या मारत आला. खा. एनओसी देतोय! "नाटक होऊ दे, मग सही." स.ने सोहारला घरं बघायलाही सुरुवात केली.

मी पोळ्या लाटत राहिले. वहिनींचा मेसेज: झगा तयार आहे. तू आहेस ना?

१२ नोव्हें.
स.ला सांगितलं. गाडीत, सीबच्या राउंडअबाउटपाशी. सगळं सांगितलं, वाक्य सोडून.  मग म्हणाला, "बोललीस तर डोंबिवलीला परत." आणि घराखाली गाडी लावताना, "तू काय ठरवतेस ते मला आधी सांगू नकोस. केबिनमध्ये मान डोलावली तेव्हा मी तुला कुठे विचारलं होतं?"

रडू आलं. रागाने नाही.

१३ नोव्हें., शुक्र. ग्रीनरूम.
पहिली घंटा झाली. हॉल खचाखच. पडद्याच्या फटीतून बघितलं. पहिल्या रांगेत वहिनी, ठेवणीतली पैठणी. त्यांच्या शेजारी आमचा अख्खा वर्ग. त्यांना तिथे वहिनींनीच बसवलं म्हणे. स. मागे, दाराशी उभा.

स्टेजवरची पुस्तकं माझी, एम.एस्सी.ची. इथे येताना बॅगेत वजन जास्त होतं तरी आणली होती.

खा. जांभळ्या झग्यात येऊन गेला. खुशीत. झग्याच्या आतून कागद काढून दाखवला, स.ची एनओसी, सहीची जागा कोरी. "पडदा पडला की स्टेजवरच सही करणार, सगळ्यांसमोर! लोकांना कळू दे, खानोलकर माणसं अडवत नाही." मग म्हणाला, "शेवट एकदा सांगा. मी पुस्तकं घेतो, तुम्ही खाली बघता, पडदा. बरोबर?"

"बरोबर," म्हणाले.

दुसरी घंटा. वहिनींनी आत्ताच वळून विंगेकडे बघितलं. वाक्य पाठ आहे.