नशिराबादच्या शेतातला दगड

७ फेब्रुवारी १९५५, जळगाव
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, गावोगाव हद्दीचे दगड उपटले जातायत, बांध सरकतायत, कोर्टात नुसती गर्दी. लोकांना दगडाचं महत्त्व पटवून द्यायला हवं. आठ गावं, आठ भाषणं. कचेरीत अकरा मोजणीदार आहेत, पण निवड माझी झाली. शेजारच्या टेबलावरचा हिलाल म्हणाला, बाकी दहा जणांनी आधीच नाही म्हटलं होतं. जळतो.
आजपासून रोज भाषणाची तालीम. रोजनिशीही रोज. पान-तंबाखू बंद, निदान सभेच्या दिवशी.

९ फेब्रुवारी
काल रोजनिशी राहिली. भाषण लिहीत होतो. सोळा पानं. सुरुवात अशी : 'दगड मुका असतो, पण खोटं बोलत नाही.' वाचून झाल्यावर मीच टाळी वाजवली. मंदाला वाचून दाखवलं. तिनं मेथी निवडत ऐकलं आणि म्हणाली, "आधी नशिराबादला जाऊन या. आपल्या शेतातला दगड कुठं आहे, ते तरी बघा." चांगल्या गोष्टीत मोडता घालायची तिची सवय.
लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. वडील गेल्यावर नशिराबादचं शेत दोघा भावांत वाटलं. उत्तरेचा हिस्सा गिरधरभाऊचा, दक्षिणेचा माझा, मध्ये हद्दीचा दगड. एकावन्न साली नाल्याला पूर आला, शेतात गाळ साचला आणि दगड दिसेनासा झाला. भाऊ म्हणाला, दगड जागेवरच आहे, गाळाखाली गेलाय. मी म्हणालो, तू उपटलास. हद्द इथं, असं मी जागेवर उभा राहून सांगितलं आणि बांध घालून घेतला. तेव्हापासून बोलणं बंद. चूक त्याची, तेव्हा पहिला शब्दही त्यानंच टाकायचा.
साखळी लावून मोजलं नव्हतं. पंधरा वर्षांची नोकरी झाल्यावर नजरच साखळी होते.

१४ फेब्रुवारी, पहूर
पहिली सभा. उपस्थिती बावीस. त्यातले सतरा पारावर आधीपासूनच बसलेले होते. पण उठून गेले नाहीत, याला महत्त्व आहे.
बरोबर साखळीवाला निंबा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, नरडाण्याकडचा, कलेक्टरशीसुद्धा अहिराणीतच बोलेल असा.
दाखला देताना सांगितलं, एका गावात एक मोठा भाऊ होता, त्यानं लोभापायी दगड उपटून धाकट्यावर अन्याय केला. नाव घेतलं नाही. सभा रंगात आली. तेवढ्यात भागाबाई नावाची एक म्हातारी उभी राहिली. म्हणाली, "मंग त्या लहान्यानं मोजणी काहून नाही केली?" मी म्हणालो, प्रश्न शेवटी. शेवटी वेळ उरला नाही.
येताना निंबा म्हणाला, "नाना, ती बाई खरं बोलनी." त्याला सभेचं शास्त्र कळत नाही.

२२ फेब्रुवारी
तीन सभा झाल्या. लोक जागे होतायत. कालच्या गावात एक जण घोरत होता, पण तो दूरगावचा पाहुणा निघाला.
हिलाल आज म्हणाला, तुझ्या शेताचं टिपण आपल्याच रेकॉर्डरूममध्ये आहे, एकदा काढून बघ ना. टिपण म्हणजे मूळ मोजणीचा कागद. त्यात दगडापासून दगडापर्यंतचं अंतर लिहिलेलं असतं. माझ्या खुर्चीपासून रेकॉर्डरूम एकवीस पावलं. गेलो होतो. रेकॉर्डकीपर जेवायला गेला होता. शिवाय इतकी जुनी पानं बहुतेक फाटलेलीच असतात.

२ मार्च
विजय. गिरधरभाऊचं कार्ड आलं. चार वर्षांत पहिलं. त्याच्याच हातचं, अक्षर जरा हललेलं. 'चि. कौतिकला आशीर्वाद. तब्येत बरी नाही. एकदा येऊन जा. येताना साखळी आण. दोघं मिळून मोजू. मंदाला आशीर्वाद.'
माझ्या भाषणांची कीर्ती नशिराबादपर्यंत पोचली, त्याशिवाय हे शक्य नाही. भाऊला पश्चात्ताप झालाय. मंदा म्हणाली, "सायकलवर तासाचा रस्ता आहे, आजच जा." बायकांना घाई असते. मी वेगळं ठरवलंय. आठवी, शेवटची सभा नशिराबादलाच, दहा एप्रिलला. साऱ्या गावासमोर मोजणी. भाऊ चूक कबूल करेल. मी त्याला सर्वांसमक्ष माफ करेन. जनजागृतीला याहून चांगला दाखला मिळणार नाही.
माफीचं भाषण दोन पानं झालंय. भाऊच्या पाया पडायचं, की त्यानं मला जवळ घ्यायचं, हे अजून ठरत नाही.

१३ मार्च, रविवार
भाऊला नुसतं भेटून यावं म्हणून निघणार होतो. ऊन फार.

२० मार्च, रविवार
निघालोच होतो. पण आधी भेटलो तर सभेतल्या भेटीचा परिणाम राहणार नाही. परत फिरलो. 

२६ मार्च
निंबा काल नशिराबादवरून आला. वाटेत भाऊच्या घरी गेला होता. मी सांगितलं नव्हतं. म्हणाला, "तो खाटवर शे, नाना. तुमनी याद करस." मी म्हणालो, आता पंधराच दिवस राहिले. निंबा साखळीची कडी घासत बसला.

३ एप्रिल
गिरधरभाऊ काल दुपारी गेला.
आज पहाटे निरोप आला. सायकल काढली. पस्तीस मिनिटं लागली.

५ एप्रिल, नशिराबाद
काल सगळे म्हणत होते, भाऊनं तुमची फार वाट पाहिली. कचेरीत काम होतं, असं मी तिघांना सांगितलं. चौथा निंबा होता. त्याला नाही सांगता आलं.
धुरपदावहिनी माझ्याशी एक वावगा शब्द बोलली नाही. जेवायला वाढलं. भाऊच्या खाटेकडे बघवत नव्हतं, म्हणून मी दाराकडे तोंड करून जेवलो.

१५ एप्रिल, जळगाव
तेरावं झालं. कचेरीत गेलो. रेकॉर्डरूममध्ये जाऊन टिपण मागितलं. रेकॉर्डकीपरनं दोन मिनिटांत काढून दिलं. पान फाटलेलं नव्हतं. शाईसुद्धा फिकी झालेली नव्हती.

१७ एप्रिल, रविवार, नशिराबाद
सकाळीच शेतात गेलो. मी, निंबा आणि साखळी. गावातलं कुणी नको म्हणून सांगितलं होतं. वहिनी मागून आली, बांधावर बसली.
कोपऱ्याच्या दगडापासून मोजत आलो. साखळी माझ्या बांधापाशी थांबली नाही. बांध ओलांडून माझ्या शेतात आली, चार हात आत. दुःखानं मोजणी चुकली असेल म्हणून पुन्हा मोजली. चार हात. निंबानं तिथं कुदळ घातली. कोपरभर खोल गेल्यावर ठण्ण वाजलं. दगड उभा होता. जरासुद्धा कललेला नव्हता.
म्हणजे चार वर्षं मी भाऊची जमीन कसत होतो, आणि गावोगाव त्याला चोर म्हणून सांगत होतो.
वहिनी बसल्या जागेवरून म्हणाली, "त्याईले माहीत होतं."
मी विचारलं, काय माहीत होतं.
"तुमी बांध घातला ना, त्याच उन्हाळ्यात त्याईनं खोदून पाह्यलं. दगड सापडला. मंग परत माती लोटून दिली."
बोलला का नाही, म्हणालो.
"म्हने, कौतिक मोजणीदार हाये. त्याचीच मोजणी चुकली हे गावाले समजलं, त त्याच्या हातात साखळी कोन देईन? चार हातानं आपन काही मरत नाही."
मग कार्ड का टाकलं, तेही विचारलं. विचारायला नको होतं.
"दोघंच जाऊ म्हने, कोनी नसतांना. मी त्याले दगड दाखवीन, तो बांध सरकवीन, कोनाले समजनार नाही. रोज विचारे, कौतिक आला का. मी म्हने, येतीन."
निंबानं पाठ फिरवली आणि उगीच साखळी गोळा करायला लागला. मी खड्ड्यात उतरून दगडावरची माती हातानं काढली. बराच वेळ काढत होतो.

२५ एप्रिल, नशिराबाद
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सुनंदा माहेराला आली आहे, भाऊची एकुलती लेक. वहिनीनं भाऊच्या नावाची घागर भरली. वर खरबूज ठेवलं, आंब्याच्या डहाळ्या ठेवल्या. दर साली वडिलांच्या घागरीला पाणी भाऊ घालायचा. आज दोन घागरींना मी घातलं. एका घागरीचं पाणी बाहेर सांडलं.
नंतर वहिनीला म्हणालो, चार हात परत करतो, बांध माझ्या हातानं पाडतो. ती म्हणाली, "मी सुनंदासंग रावेरला जाऊ राह्यली. जमीन साळव्याच्या मोतीलालले इकून दिली. चार हात घेऊन काय करू मी?" रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

२ मे, म्हसावद
राहिलेली आठवी सभा इथं घेतली. मोठ्या भावाचा दाखला वगळला. मग त्याला लागून आलेलं सगळंच वगळावं लागलं. भाषण चार मिनिटांत संपलं. टाळ्या पूर्वीपेक्षा जास्त पडल्या.

११ मे
साहेबांना सगळं खरं सांगायचं ठरवलं. केबिनच्या दारापर्यंत गेलो. साहेब फोनवर होते. उद्या नक्की.

१८ मे
साहेबांनीच बोलावलं. आठही सभांबद्दल शाबासकी दिली. म्हणाले, पुढल्या वर्षी धुळ्याकडचीही गावं घेऊ. मी आभार मानले. 

५ जून, रविवार, नशिराबाद
बांध पाडायला गेलो. एकटाच. निंबाला सांगितलं असतं तर आला असता.
अर्धा बांध पाडून झाला तेव्हा पलीकडून मोतीलाल आला. साळवे गावचा माणूस, शेत नवीन घेतलेलं, मला ओळखत नव्हता. माती कुठवर ओढायची ते मी त्याला दगडावर उभं राहून दाखवलं. एवढी जमीन आपल्याकडे कशी येते, हे त्याला कळेना. मी म्हणालो, तुमचीच आहे, आधीपासून.
त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "तुमी कोन?"
गिरधरचा धाकटा भाऊ, असं म्हणायचं होतं. तांब्या हातात घेतला.
म्हणालो, मोजणीवाला.
तो म्हणाला, "बरं."